स्वागताध्यक्षीय भाषण : बागेतला अनुभव मासिकापर्यंत

द्राक्षशेतीवरचा लेख वाचून बागायतदार दुसऱ्या दिवशी फवारणीचे द्रावण तयार करतो. ‘जिब्रेलिक आम्ल वापरले, घड मोकळे झाले’ एवढ्याने त्याचे भागत नाही. वाण कोणते, फळछाटणीची तारीख कोणती, फवारणी छाटणीनंतर कितव्या दिवशी, पाण्याचा सामू किती, हे सारे लेखात यावे लागते. 10 पीपीएम म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम सक्रिय घटक. छापताना एक शून्य वाढले तर हंगाम हातचा जातो. लागवडीच्या अंतराचेही तसेच. 9 बाय 5 फुटांवर एकरी 968 वेली बसतात. अंतर न सांगता वेलीमागे खत दिले, तर एकरी हिशेब लागतच नाही. फसलेला प्रयोगही इतक्याच तपशिलाने लिहिला जावा. तो फार क्वचित लिहिला जातो, ही या लेखनातली मोठी उणीव आहे.

मराठीत व्यवसायाशी जोडलेल्या नियतकालिकांची वाट जुनी आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कृषी विभागाचे ‘शेतकरी’ आणि द्राक्ष बागायतदार संघाचे ‘द्राक्षवृत्त’ आज बांधापर्यंत पोचतात. ही वाट पुढे नेणाऱ्या बागायतदार-लेखकांचे, संशोधकांचे आणि संपादकांचे या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे.

लेख पाठवण्याची वेळ पीक ठरवते. ऑक्टोबरच्या छाटणीवरचा मजकूर सप्टेंबरच्या अंकात हवा, म्हणजे जुलैअखेर तो संपादकांच्या हाती असणे बरे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या फॉण्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे फुटतात. छायाचित्र मूळ आकाराचे पाठवावे. व्हॉट्सॲपवरून लहान होऊन आलेल्या चित्रात पानामागची डाऊनीची पांढरी बुरशी नीट दिसत नाही, आणि चित्र तर तेवढ्यासाठीच काढलेले असते. एकच लेख एकाच वेळी दोन मासिकांना देऊ नये. औषध कंपनीकडून फुकट मिळाले असल्यास तसे लेखात नमूद करावे, शिवाय प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्व कालावधी द्यावा. निर्यातीचा माल उर्वरित अंशाच्या तपासणीतून जातो, त्यामुळे हा आकडा गाळून चालत नाही. छापल्यावर आकड्यात चूक आढळली, तर पुढच्या अंकातल्या शुद्धिपत्राची वाट न पाहता लेखकाने संपादकांना त्याच दिवशी फोन करावा.