शिपायाचा मास्तर झाला

शहापूर-मुरबाडच्या गावांतून वर्ग घेताना आम्हाला एकच बोल ऐकू येतो, "आता या वयात शिकून काय करायचं?" म्हणून आज आम्ही कवी नारायण सुर्वे यांची हकीकत सांगतो.

१९२६ साली मुंबईत एक टाकलेले तान्हे मूल सापडले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते घरी नेले, त्याला आपले नाव दिले, चौथीपर्यंत शिकवले. पुढे तो पोटासाठी गिरणीत राबला. मग शाळेत शिपाई झाला. नोकरी सांभाळून अभ्यास केला, सातवी पास झाला आणि चक्क मास्तर झाला!

१९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हे त्यांचे कवितांचे पुस्तक निघाले. कामगारांची सुखदुःखे त्यांनी लिहिली. १९९५ साली ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हातारपणी ते मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळला राहत. २०१० साली ते वारले.

गिरणीचे त्यांनी लिहिले. आपल्या भातशेतीचे, वीटभट्टीचे कोण लिहिणार? आज आपण सही करतो, उद्या सातबारा वाचू. आणि परवा? आपली हकीकत आपणच लिहू की!