सैल कातडी आणि विम्याचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी जरा अवघड विषय घेऊन उभी आहे. विषय आहे कातडीचा, आणि तोही पदराआडच्या. जे दुखणे आपण आपापसांतही बोलत नाही, त्याचा खर्च मुकाट्याने आपल्याच माथी बसतो. म्हणून आज ते मोकळेपणाने बोलू या.

अतिलठ्ठपणावर हल्ली जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया होते. तिला बॅरिएट्रिक सर्जरी म्हणतात. ती चैन नव्हे, हे विम्याच्या व्यवहारातही मान्य झाले आहे. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 साली पॉलिसीतील वगळणुकीच्या कलमांची भाषा एकसारखी करून दिली. त्या भाषेप्रमाणे वय 18 पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय 40 किंवा अधिक हवा. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन 96 किलो असेल, तर हा अंक 40 येतो. अंक 35 असेल तर सोबत हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार हवा आणि साधे उपाय करून थकलेले असावे लागते. या अटी पुऱ्या झाल्या, तर लठ्ठपणाचे कलम आड येत नाही.

पण खरी अडचण पुढे येते. वजन चाळीस-पन्नास किलोंनी उतरते, कातडी मात्र तेवढी आक्रसत नाही. वर्षानुवर्षे ताणल्याने तिची लवचिकता गेलेली असते. व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण लोंबणारी कातडी वर चढत नाही. ओटीपोटावर तिची घडी पडते. त्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, चट्टे उठतात, भेगा पडतात. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभे राहणेही नकोसे होते. ही कातडी काढण्याचे काम प्लास्टिक सर्जनचे, आणि 'प्लास्टिक' हा शब्द दिसला की विमा कंपनी म्हणते, "हे सौंदर्यासाठी आहे."

भगिनींनो, ही विद्या नटण्यासाठी जन्मली नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याच्या एका वैद्याने कपाळाची कातडी घेऊन नवे नाक बसवले. त्याची हकीकत 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपचे सर्जन चकित झाले. मोडलेले सांधणे हाच या विद्येचा मूळ धर्म आहे.

पॉलिसीतील कलमही हा भेद मानते. ते म्हणते की प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची दुरुस्ती असेल, अथवा आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असेल, तर गोष्ट वेगळी. आपला सारा आधार या शेवटच्या वाक्यावर आहे.

माझ्या धाकट्या जावेचे उदाहरण सांगते. तिचे वजन 112 वरून 68 किलोंवर आले. पोटाच्या घडीत जखमा होऊ लागल्या. कागदावर फक्त "पोटाची सैल कातडी काढणे" एवढेच लिहिलेले, त्यामुळे कंपनीने नकार दिला. शेवटी पाटल्या गहाण ठेवून ऑपरेशन केले. पण ती गप्प बसली नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या, जखमांचे तारखेसह फोटो आणि वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी सर्जनचा दाखला तिने गोळा केला. कंपनीने पुन्हा नाही म्हटल्यावर ती विमा लोकपालांकडे गेली. पोटाचा खर्च मिळाला, दंडांचा मिळाला नाही. दंडांवर जखम नव्हती; तेव्हा तो निर्णय मला न्यायाचाच वाटतो.

यातून घ्यायचे ते असे. पहिला चट्टा उठताच डॉक्टरांना दाखवा. घरगुती हळद-खोबरेल लावून लपवू नका, कारण जे लपवले त्याचा कागद होत नाही. प्रत्येक चिठ्ठी जपा. वजन काही महिने स्थिर राहू द्या. सर्जनही तेच सांगतात. ऑपरेशनपूर्वी कंपनीला लेखी विचारा. नकार आला तर कोणत्या कलमाखाली आला, हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालांकडे जा. नकारापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवे. मुंबईत व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

सर्वांनाच पैसे मिळतील असे आश्वासन मी देत नाही. पण न मागता कोणालाच मिळणार नाहीत, हे निश्चित. आपल्या मंडळात अर्ज लिहून देणाऱ्या, इंग्रजी पॉलिसी वाचून सांगणाऱ्या सुशिक्षित भगिनी पुष्कळ आहेत. महिन्यातून एक दुपार त्यांनी या कामाला द्यावी, अशी माझी विनंती आहे. घरातील पॉलिसी कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नसते. ती उद्याच बाहेर काढा आणि वगळणुकीचे पान आधी वाचा.