सुई, नाडी आणि वहीचे एक पान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी बेळगावच्या या शाळेत मला शरीरशास्त्राचे पहिले धडे दिले. त्यांचे माझ्याकडे एक देणे राहिले आहे. त्याकडे मी येणारच आहे.

एम. बी. बी. एस. होऊन मी अॅक्युपंक्चरकडे वळलो, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आपल्याकडे आणली, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच निवर्तले. १९३८ च्या त्या वैद्यकीय पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही चिकित्सा शिकले आणि कलकत्त्यात तिचा पाया त्यांनी घातला. त्याच परंपरेत मी वर्षभर उमेदवारी केली व १९८७ साली नानजिंगला तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला.

तेथे आरंभी रुग्ण दिसतच नाही. घडी घातलेल्या कागदाच्या गठ्ठ्यात सुई फिरवीत बसायचे, मग कापसाच्या गोळ्यात, मग स्वतःच्या पायात. चौदा मार्ग आणि ३६१ बिंदू मुखोद्गत करावयाचे. मोजमाप मात्र पट्टीने नव्हे, रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने. आपल्या आयुर्वेदातील स्वांगुलप्रमाण मला तेव्हा प्रथम नीट उमगले! सुई योग्य जागी पोचली की रुग्णाला जडपणा वा झिणझिण्या जाणवतात आणि आपल्या बोटांना किंचित ओढ लागते. छातीवर सुई तिरपीच घालावयाची, कारण खाली फुप्फुस आहे. हे तर दररोज बजावले जाई. आमचे वृद्ध अध्यापक सुई हाती घेण्यापूर्वी जीभ पाहत, दोन्ही मनगटांवर तीन तीन ठिकाणी नाडी चाचपीत आणि दुभाष्यामार्फत इतके प्रश्न विचारीत की आम्ही कंटाळत असू.

१९९४ साली गुरुजी कंबरदुखी घेऊन माझ्याकडे आले. गुडघ्यामागील वेइझोंग आणि कमरेचे बिंदू मी योजिले. चार बैठकांत दुखणे निम्म्यावर आले. गुरुजी कौतुकाने कुंद्याचा पुडा घेऊन आले, आणि मी सुखावलो. दोन महिन्यांनी वेदना दुप्पट वेगाने परतली. तेव्हा कुठे मी क्ष-किरण चित्र काढविले. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत उतरला होता.

२००७ साली जर्मनीतील कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, बिंदू टाळून वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. माझ्या काही व्यवसायबंधूंना यातला पहिला आणि शेवटचा आकडाच तेवढा पाठ असतो. मला मधला आकडा वाचून गुरुजी आठवले. सुईने आराम पडला, म्हणजे दुखण्याचे मूळ आपल्याला सापडले, असे मी धरून चाललो होतो.

रोग आधी कळता तर ते बरे झाले असते, असे म्हणता येणार नाही; पण दोन महिने मी घालविले. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझी वही मागविली. पहिल्याच दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात होती : ‘रात्री वेदनेने जाग येते. वजन घटले.’

“लिहिले आहेस की नीट,” गुरुजी म्हणाले, “मग वाचले का नाहीस?”

ती वही आज मी सोबत आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाची असेल, त्यांनी अवश्य पाहावी.