दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

आज मिरजोळ्यातून बोलतेय. माझी मावशी इथल्या एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत जाते. छातीत गाठ लागली, तरी चार महिने गप्प. का? तर, "दुखत नाय गो. आणि खाडा केला तर रोज बुडतो."

ऐका, या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. तिथेच फसायला होतं.

दरवेळी मोठं मशीनच लागतं असंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हातांनी तपासलं. वीस वर्षांनी पाहिलं, तर त्या गटात आजार लवकर सापडत होता. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

आणि देशात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत एकीचीही धड तपासणी झालेली नव्हती.

घरात तिशीपुढची कोणी आहे? सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. आणि गाठ लागलीच असेल, तर थांबू नका.

उद्या मावशीला सिव्हिलला नेतेय. तिचा खाडा, माझी सुट्टी. भेटू पुढच्या भागात.