आमचा मोती का भुंकत होता



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार बायकांपुढे उभे राहून बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे. विषय कोणता घ्यावा असे घरी विचारले, तर आत्याबाई म्हणाल्या, "मोतीचं सांग की. गल्लीनं त्याचं भुंकणं ऐकलं, कारण कुणी ऐकलं नाही."

गेल्या चैत्रात मोती रात्र रात्र भुंकू लागला. नऊ-दहा वर्षांचे कुत्रे, एरवी शहाणे. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलेली. मोती भुंकला की बाळ दचकून उठे. काकू दोनदा सांगून गेल्या. तिसऱ्यांदा दुसरेच कोणी म्हणाले, "येलदरीकडं नेऊन सोडा, नाहीतर भाकरीत काहीतरी घालावं लागंल." त्या रात्री मी लाटणे फेकून मोतीला मारले. आपल्या शेजारच्या नरसीचे नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मी लहानपणापासून ऐकते. अन् मी धावले ती लाटणे घेऊन!

दोन दिवसांनी भर दुपारी कुरडया उचलायला अंगणात अनवाणी गेले. फरशीने तळवे असे भाजले की उड्या मारतच परतले. त्याच फरशीवर मोती बांधलेला. सकाळी तिथे लिंबाची सावली असते, म्हणून आम्ही तिथे बांधत असू; दुपारी ती सरकते, साखळी सरकत नाही. जर्मनच्या पातेल्यातले पाणी चहासारखे गरम. आणि दिवसभर तापलेली ती फरशी रात्रीही निवत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मग त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कान उलटा करून दाखवला, आत गोचीड चिकटलेले. कंबर दाबताच मोती कळवळला. डॉक्टर म्हणाले, "वयानं सांधे दुखतात, बाई. कठीण जमिनीवर त्याला झोप कशी लागावी?" कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना येतो तेवढाच, बाकी उष्णता तो जीभ काढून धापा टाकूनच घालवतो, हेही तेव्हाच कळले. गोचिडासाठी मी फिनेलच्या पाण्याने अंघोळ घातली होती, ते ऐकून मात्र ते रागावले. फिनेल कुत्र्याला विषारी. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्याही त्याला आपल्या मनाने द्यायच्या नाहीत.

घरी आल्यावर साखळी सोडली आणि त्याची जागा मागच्या ओसरीत केली. मातीच्या पसरट भांड्यात पाणी, तेही दिवसातून तीनदा बदलून. दुपारी खाली ओले गोणपाट; खालीच बरे का, अंगावर पांघरले तर आत उष्णता कोंडते. रात्री निजायला जुनी वाकळ चौघडी करून. ऊन उतरल्यावर धाकटा त्याला फिरवून आणी आणि निजण्याआधी पुन्हा एकदा बाहेर नेई. दवाखान्याचे औषध चालूच होते.

लगेच गुण आला असे मी म्हणणार नाही. पहिल्या रात्री नव्या जागेमुळे तो जास्तच भुंकला, आणि मला काकूंच्या दाराकडे पाहवेना. चौथ्या-पाचव्या रात्री मला जाग आली ती शांततेने! बत्ती घेऊन पाहिले, तर महाराज वाकळेवर आडवे, पाय ताणून. कान बरा व्हायला पुढे तीन आठवडे लागले. घंटागाडी आली, वानरे आली, की अजूनही भुंकतो. ते त्याचे कामच आहे. सबंध रात्र भुंकणे मात्र थांबले. बाळाच्या बारशाला काकूंनी मला बोलावले, आणि निघताना मोतीसाठी दोन भाकरी बांधून दिल्या. त्या घेताना मला लाटण्याची आठवण झाली.

आता एक मागणे आहे. मोतीचे गोणपाट फाटले. कुणाकडे ज्वारीचे रिकामे पोते पडून असेल, तर कार्यक्रमानंतर मला सांगावे. मुलाला पाठवून नेईन.