पैसा कुणाचा, खर्च कुणासाठी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थतज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला साधा माणूस. पण सरकारी खर्चाचे कागद रोज हाताखालून जातात. त्यामुळे मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं आरोग्यसेवेबद्दलचं म्हणणं वाचलं, तेव्हा ते आपल्यापुढे मांडावंसं वाटलं. दवाखान्याच्या खर्चाची धास्ती आज प्रत्येक घरात आहे, म्हणून विषय परका वाटणार नाही.

फ्रीडमन शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७६ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अध्यक्ष रेगन यांच्या आर्थिक सल्लागारांतही ते होते. सरकारने कमीत कमी खर्च करावा आणि लोकांच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, हे त्यांचं आयुष्यभराचं सूत्र.

ते म्हणत, पैसा चार तऱ्हांनी खर्च होतो. पहिली तऱ्हा, आपला पैसा आपल्यासाठी. तेव्हा आपण भावही बघतो आणि मालही पारखतो. दुसरी, आपला पैसा दुसऱ्यासाठी, म्हणजे लग्नातला आहेर. तिथे भाव बघतो, पण साडी तिला आवडेल की नाही याचा फार विचार करत नाही. तिसरी, दुसऱ्याचा पैसा आपल्यासाठी. ऑफिसच्या खर्चाने जेवायचं असलं की थाळी चांगली हवी, भावाची फिकीर नाही. चौथी, दुसऱ्याचा पैसा तिसऱ्यासाठी. तिथे भावही कोणी बघत नाही आणि मालही. सरकारी खर्च या चौथ्या खान्यात येतो, असं फ्रीडमन यांचं म्हणणं.

हेच त्यांनी २००१ साली एका लेखात अमेरिकेच्या आरोग्यसेवेला लावलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे पगारवाढीवर सरकारी बंधनं होती. चांगली माणसं टिकवायची तर पगार वाढवता येईना, म्हणून कंपन्या आरोग्यविमा देऊ लागल्या. त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्कं केलं. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. झालं असं, की उपचार घेणारा एक, देणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा. भाव विचारायला कोणीच उरलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे ५ टक्के भाग आरोग्यावर जाई, आज तो १७ टक्क्यांच्या पुढे आहे.

इंग्लंडचा दाखलाही ते देत. मॅक्स गॅमन या डॉक्टरांनी तिथल्या सरकारी रुग्णालयांचा हिशेब मांडला होता. १९६५ ते १९७३ या काळात एकूण कर्मचारी २८ टक्क्यांनी आणि कारकुनी कर्मचारी ५१ टक्क्यांनी वाढले, पण रोज भरलेल्या खाटा ११ टक्क्यांनी घटल्या. माझ्यासारख्या सरकारी नोकराला हे आकडे टोचतात, पण ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्यांचा उपाय असा : विम्यावरची करसवलत काढा, मेडिकेअर-मेडिकेड बंद करून प्रत्येक कुटुंबाला फक्त मोठ्या आजारासाठी विमा द्या. बाकीचा खर्च माणसाने स्वतःच्या पैशातून करावा, म्हणजे तो चार ठिकाणी चौकशी करील.

निदान मला पटतं. आपल्याकडेसुद्धा हॉस्पिटलच्या खिडकीवर आजार काय हे विचारण्याआधी ‘कार्ड आहे का?’ हा प्रश्न येतो. पण औषधाबद्दल मला शंका आहे.

केनेथ ॲरो या दुसऱ्या नोबेलविजेत्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की आजार सांगून येत नाही, आणि डॉक्टरला जे कळतं ते रुग्णाला कळत नाही. भाजी पारखता येते, अँजिओप्लास्टी कशी पारखणार? छातीत कळ आलेला माणूस चार हॉस्पिटलांत भाव विचारत फिरत नाही.

१९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या रँड संस्थेने याचा मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना सगळे उपचार फुकट, काहींना खर्चाचा वाटा स्वतः भरायचा. सर्वात मोठा वाटा भरणाऱ्यांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला आणि बहुतेकांची तब्येत बिघडली नाही. हे फ्रीडमन यांच्या बाजूचं. पण लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले. जे गरीब होते आणि ज्यांना रक्तदाब होता, त्यांची तब्येत फुकट उपचारांत जास्त चांगली राहिली.

आणि आपण? खिशातून पैसे भरण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. २०१३-१४ मध्ये देशातल्या आरोग्यखर्चातला ६४ टक्के वाटा लोक स्वतः उचलत होते, २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला. इतकी वर्षं आपण स्वतः पैसे मोजले म्हणून उपचार स्वस्त झाले का? मोठं आजारपण आलं की दागिना मोडला, शेत गहाण पडलं. इंदुरात ज्याच्याकडे मोडायला काही नव्हतं, तो एम. वाय. हॉस्पिटलात गेला. ते दार सरकारी खर्चानेच उघडं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : सरकारने आरोग्यावर खर्च करावा, जास्तच करावा, पण फ्रीडमन यांचा प्रश्न सोडू नये. भाव कोण बघतंय? माल कोण पारखतंय? आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता. आपल्यातल्या ज्येष्ठांनी कार्ड जरूर काढावं. पण कार्ड आहे म्हणून बिलाकडे पाठ फिरवू नये. तपशीलवार बिल मागावं, कोणती तपासणी कशासाठी ते विचारावं. तो पैसा ‘दुसऱ्याचा’ नाही. खरेदी करताना आपण भरलेल्या करातलाच तो आहे. आणि आम्ही सरकारी नोकरांनीही सही करताना तो आपल्या घरचा समजावा.

श्रीगजानन सर्वांना उत्तम आरोग्य देवो आणि बिल वाचण्याची बुद्धीही देवो.

गणपती बाप्पा मोरया!