नकार नेमका कुणी दिला?



खात्यात 500 रुपये आहेत आणि कुणी 700 काढायला आलं, तर बँकेच्या प्रोग्रॅमने साफ नकार द्यायला हवा. जावा भाषेत हा नकार ‘एक्सेप्शन’च्या रूपाने येतो: काम तिथल्या तिथे थांबतं आणि नकाराचं कारण ते काम सांगणाऱ्या कोडला कळवलं जातं. 500 मधून 200 निघतात का, हे प्रत्येक प्रोग्रॅमर तपासतो. नकार मिळतो का, हे तपासायचं मात्र राहून जातं. आणि मला तीच तपासणी जास्त मोलाची वाटते.

अशा छोट्या तपासण्या म्हणजे युनिट टेस्ट. जावासाठी त्या चालवणारं जेयुनिट केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना, विमानात लिहायला घेतलं. तेव्हा मेथडचं नाव ‘टेस्ट’ने सुरू झालं तरच ती टेस्ट धरली जाई. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की ती मेथड चालतच नसे आणि बहुधा कुणाच्या लक्षातही येत नसे. 2006 च्या जेयुनिट 4 पासून मेथडवर ‘ॲट टेस्ट’ ही खूण करायची सोय झाली. खुणेचं स्पेलिंग चुकलं तर कंपायलरच अडवतो.

त्याच खुणेत ‘एक्स्पेक्टेड’ म्हणून अपेक्षित एक्सेप्शनचं नावही देता येई. सोय छान, पण ती अख्ख्या मेथडला लागू. समजा, टेस्टच्या पहिल्या ओळीत खातं उघडलं, दुसरीत 500 भरले, तिसरीत 700 काढायला गेलो. खातेक्रमांक चुकीचा म्हणून पहिल्याच ओळीत त्याच नावाचं एक्सेप्शन आलं, तर तिसरी ओळ चालतच नाही. तरीही टेस्ट पास होते! पैसे काढायच्या कोडमध्ये शिल्लक तपासलेलीच नसली, तरी कळणार नाही.

म्हणून 2017 च्या जेयुनिट 5 मध्ये ‘एक्स्पेक्टेड’ काढून ‘असर्ट थ्रोज’ आणलं. आता पैसे काढण्याची तेवढी एक ओळ त्याच्या हवाली करायची. एक्सेप्शन इतर कुठल्या ओळीतून आलं, तर टेस्ट नापास. शिवाय ते एक्सेप्शन आपल्या हाती येतं, त्यातला संदेश वाचता येतो आणि टेस्ट पुढे चालू राहते. मग खाली आणखी एक ओळ जरूर लिहावी: नकारानंतरही शिल्लक 500 च आहे ना?